शरीर खोटं बोलतं

"धम्मा, मी वाकडी बसली काय रे?" बनाबाईनं हे विचारलं तेव्हा तिचा मुलगा धम्मरत्न ढगात होता. म्हणजे बसला होता खामगावच्या आपल्याच घरात, हॉलमध्ये, फिरत्या खुर्चीवर. पण समोरच्या मोठ्या पडद्यावर नुसतं पांढरं होतं आणि डोक्याला हूड लावलेलं होतं. हूड म्हणजे टोपीला पुढं जोडलेली प्लास्टिकची लांब झापड. ती घातली की समोरचं जग बंद, नजर पडते ती फक्त खालच्या काट्यांवर. खासगी वैमानिकाचं लायसन त्याच्या खिशात होतंच, पण ते लायसन म्हणजे जमीन दिसतेय तोवर उडा, ढग आला की मुकाट्यानं माघारी फिरा, एवढंच. ढगात शिरायचं आणि बाहेरचं काही न बघता यंत्रांच्या भरवशावर विमान चालवायचं, तर त्याचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग. फ्लाइंग क्लबानं वर्षभर लटकवून अखेर त्याला त्या शिक्षणाची जागा दिली होती. रविवारी शेगावहून गाडी. ही जागा सुटली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. आज बुधवार होता, आणि सकाळपासून तो घरबसल्या संगणकावरच्या नकली ढगातून विमान हाकत होता.

त्यानं हूड वर केलं. दिवाणावर बनाबाई बसली होती, नेहमीसारखीच ताठ. सरकारी वसतिगृहात पोरांच्या भाकरी थापण्यात जन्म गेलेली बाई. मागं भिंत असली तरी टेकायची नाही, टेकणारा तिच्या लेखी आंगचोर. "सरळ तं बसली हायेस माय. काऊन?" "सरळ कुठी रे! निरं डाव्या आंगाले कलंडून राह्यलं सारं. आता पडते मी." आणि तिनं दिवाणाची कड गच्च धरली, बोटं पांढरी पडेपर्यंत. दुसरा कुणी धावत गेला असता. धम्मरत्नला आनंद झाला! आता याला काय म्हणावं? पण झाला खरा. चार महिने जे पुस्तकात वाचत होता, ते समोर दिवाणावर बसून बोलत होतं. माणूस सरळ असतो आणि त्याला तो कललाय असं वाटतं. माणूस कललेला असतो आणि शपथेवर सांगतो की मी सरळ आहे. कानाच्या आतलं पाणी फसवतं. तो खुर्ची फिरवून तिच्यासमोर आला आणि वर्गात शिकवावं तसं सांगू लागला, की माय, हे तुह्या कानाचे खेळ आहेत, मोठमोठे वैमानिक यात फसतात, याच्यावर इलाज एकच, आंग काय म्हणते ते ऐकायचं नाही. बनाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला उचकी लागली होती, आदल्या दिवसापासूनची. "तू काय सांगून राह्यला, मले समजत नाई," ती म्हणाली. "मले धरतो काय उलीसा?"

त्यानं धरलं नाही. बीपीचं यंत्र आणलं. सुवर्णानं, त्याच्या बायकोनं, सासूसाठी घेतलेलं दंडाला पट्टा बांधायचं यंत्र होतं ते. आकडे आले, उत्तम. मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन, तोही उत्तम. साखर, नाश्त्यानंतर असावी तेवढीच. एकामागून एक यंत्रं साक्ष देत गेली आणि धम्मरत्नच्या छातीत कसं गार गार झालं. रविवार शाबूत होता. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आधी तोच आला. "पाह्य माय," तो आईला म्हणाला, "तुले काई झालं नाई." हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला ते फार ओळखीचं वाटलं.

प्राची मॅडम. मॅडम कसली, सव्वीस-सत्तावीसची पोरगी, पण क्लबात ती इन्स्ट्रक्टर आणि हा शिकाऊ. गेल्या वर्षी तिनं त्याला शेजारी बसून एका ढगाच्या कडेत शिरू दिलं होतं, मुद्दाम. पांढरं झालं सगळं. विमान त्याला इतकं स्थिर वाटत होतं की मांडीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. आणि समोरचा काटा मात्र म्हणत होता, डावा पंख खाली गेलाय, उंची चाललीय. "मॅडम, हा काटा बिघडला," तो म्हणाला. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून, बेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःची सोलर पंपांची कंपनी, हाताखाली माणसं, त्याला काय सरळ-वाकडं कळत नाही? मग तिनं शांतपणे हँडल आपल्याकडं घेतलं, आणि ढगाच्या खालून बाहेर पडताना त्याच्या बाजूच्या काचेत आकाशाच्या जागी शेतं उभी होती, बांधासकट, बाभळींसकट. त्याला कोरडी ओकारी आली. ती उतरल्यावर कँटीनमध्ये पोहे खाताना सगळ्यांना सांगत होती, "सर म्हणतात काटाच बिघडला!" पोरं खिदळली. विशी-बाविशीची, बापाच्या पैशानं शिकणारी पोरं. त्यातला एक जण उगाचच त्याच्या पाठीवर थाप मारून गेला, आणि त्या थापेची जागा त्याला अजून दाखवता आली असती. मग तिलाच वाईट वाटलं असावं. "मनावर घेऊ नका सर. शरीर खोटं बोलतं. ज्याचं शरीर जास्त खात्रीनं बोलतं, तो आधी मरतो. काटे बघायचे, एक नाही, सगळे, आणि ते एकमेकांशी जुळतात का तेही." तो परतीच्या गाडीत रात्रभर हेच चघळत आला होता.

पण ओळखीचं वाटलं ते तिच्यामुळं नव्हतं. "तुले काई झालं नाई" हे वाक्य त्याच्या लहानपणातलं होतं. संग्रामपूरच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर, धुरानं काळं झालेलं छत, परातीत पिठाचा डोंगर, आणि आई. बाप इंद्रभान फार लवकर गेला, तेव्हा हा त्या धुरातच वाढला. ती त्याला सगळ्यात शेवटी वाढायची. साहेबानं म्हणू नये की बाई पोराले चोरून चारते, म्हणून. त्यामुळं भाकरीचा शेवटचा, कडक झालेला तुकडा त्याच्या ताटात यायचा. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडं खाली, कुणी सळई तापवून ठेवली असावी तसं. "शाळा बुडवाची सोंगं," ती म्हणाली. "काई झालं नाई तुले. ऊठ." त्यानं पाय पोटाशी घेतले तर तिनं ते ओढून सरळ केले. दुसऱ्या दिवशी तो बाकावर वाकून पेपर लिहीत होता, घामानं अक्षरं फुटत होती, आणि शेवटची घंटा झाली तसा तो बाकाखालीच पडला. खामगावला आणेपर्यंत अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. वाचला. पासही झाला. आणि बनाबाईनं त्या गोष्टीचा झेंडा केला. विहारात सत्कार असो, बारसं असो, नव्या सुनेला ओळख करून द्यायची असो: "पोट फुटलं, पण पेपर नाई सोडला माह्या पोरानं!" टाळ्या व्हायच्या. तोही हसायचा. पोटावरचा तो वेडावाकडा व्रण शर्टाखाली हसायचा नाही, इतकंच.

सुवर्णा कॉलेजातून आली तेव्हा बनाबाई भिंत धरून न्हाणीकडं चालली होती आणि उचकीनं तिचं अंग हिसके देत होतं. सुवर्णा ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं पिशवी टाकली आणि सासूला काखेत हात घालून धरलं. "कोनं एवढी आठवण काढली आई तुमची? घ्या बरं नावं." उचकी थांबवायला घरोघर करतात तसं तिनं नावं घ्यायला लावली. बनाबाई एकेक नाव घेऊ लागली, तानाबाई, जानराव, माहेरची मेलेली-जिती सगळी. उचकी कुठल्याच नावाला थांबेना. "धम्माचा बाप असन मंग," ती म्हणाली, "वरून बोलावत असन." आणि हसली. हसताना तिचा आवाज घोगरा, घशात काही अडकल्यासारखा निघाला. सुवर्णा हसली नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "याईले अकोल्याले नेऊ. आत्ता." "बीपी नॉर्मल, साखर नॉर्मल, ऑक्सिजन नॉर्मल," धम्मरत्ननं पाढा म्हटला. "अंदाजावर नाई चालत सुवर्णा. रीडिंगवर चालते." "मंग चक्कर मोजाचं यंत्र कोन्तं लावलं तुमी?" धम्मरत्नला राग आला. बायका घाबरट असतात, घाबरवतात, असं काहीबाही तो बोलला, आणि मग तिच्या समाधानासाठी आईला नाक्यावरच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

डॉक्टरनं ईसीजी काढला. तोही चांगला. गोळ्या दिल्या, कानाच्या चकरेच्या. आणि धम्मरत्न निघताना, बनाबाई बाहेर बाकावर बसलेली असताना, डॉक्टर म्हणाला, "वय आहे. दोन दिवसांत उतार नाही पडला, किंवा आवाज, गिळणं, चालणं असं काही वाटलं, तर उशीर करू नका. अकोल्याला मेंदूचा फोटो काढून घ्या." धम्मरत्ननं हो हो म्हटलं. घरी आल्यावर त्यानं सुवर्णाला सांगितलं, ईसीजी एकदम चांगला, कानाची चक्कर आहे, गोळ्या दिल्यात. यात एक अक्षर खोटं नव्हतं. उरलेलं वाक्य तेवढं त्यानं सांगितलं नाही. मनात त्यानं हिशेब बसवला: दोन दिवस म्हणजे शुक्रवार. शुक्रवारपर्यंत उतार पडायलाच पाहिजे होता. आणि तो पाडणं, असं का कोण जाणे, त्याला आपल्या हातात आहे असं वाटू लागलं.

गुरुवारी तो साइटवरून गवंड्याचा ओळंबा घेऊन आला. पितळी, वजनदार, टोकदार. हॉलच्या स्लॅबला झोपाळ्यासाठी ठेवलेली कडी होती, तिला त्यानं दोरी बांधली आणि ओळंबा बरोबर आईच्या दिवाणासमोर सोडला. तो हलायचा थांबेपर्यंत दोघं बघत राहिले. त्याच्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. विमानात एक तबकडी असते, अर्धी निळी, अर्धी तपकिरी. मधली रेघ म्हणजे क्षितिज. बाहेर काही दिसेना झालं की तीच जमीन आणि तेच आकाश. आईला तिचं क्षितिज द्यायचं, की झालं. "माय, हा ओळंबा पाह्य. कसा दिसते?" बनाबाईनं डोळे बारीक केले. "वाकडा."

त्याला हसूच आलं. "ओळंबा वाकडा असते काय कधी? साऱ्या दुनियेत एक गोष्ट सरळ असते माय, ते म्हणजे ओळंबा." "मंग दुनिया कलली असन. मले तं वाकडा दिसते." "दिसते ते सोड. हाये कसा ते सांग." "आता घ्या! जे दिसते तेच सांगीन का नाई मी?" "नाई. तेच तं नाई सांगाचं. म्हण, ओळंबा सरळ हाये." बनाबाईनं मान फिरवली. तिचा हेका त्याला माहीत होता. तोच हेका त्याच्यातही उतरला होता, फुकट थोडाच कंपनीचा मालक झाला तो? त्यानं खुर्ची ओढून घेतली. म्हण. नाही. म्हण बरं. डोळे फिरतात रे धम्मा, मळमळते. मळमळू दे, मलेबी मळमळलं होतं, म्हण. दुपारचा चहा झाला, त्याच्या हातात कप होता, तिचा कप त्यानं टीपॉयवर लांब ठेवला. "म्हटल्यावर." हे तो गंमतीत म्हणाला. निदान सुरुवातीला गंमतीतच. पण चहावर साय धरली, ती सायही सुरकुतली, आणि बनाबाई ओळंब्याकडं बघत बसली, कपाळावर घाम, एक पापणी किंचित खाली आलेली, आणि अखेर त्या नव्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सरळ हाये. तुह्या मनासारखा सरळ हाये. झालं?" धम्मरत्नला गोड वाटलं. किती गोड वाटलं हे बघून तो स्वतःच जरा दचकला. कुणीतरी फार वर्षांपूर्वी ओढून सरळ केलेले पाय आत कुठंतरी पुन्हा पोटाशी आले, असं काहीसं. त्यानं चहा गरम करून आणला, स्वतः तिच्या हातात दिला. प्यायला गेली तर तिला ठसका लागला, नाकातून आला. त्यानं तिची पाठ चोळली. "हळू पी, कोनी मागं लागलं काय," तो म्हणाला. गिळणं, डॉक्टर म्हणाला होता. ते त्याला आठवलं आणि त्यानं ते बाजूला सारलं, इतक्या सफाईनं की सारलं हेही फारसं जाणवलं नाही.

सुवर्णानं ओळंबा बघितला आणि काही वेळ तिला कळेचना. कळलं तेव्हा ती बोलली ती हळू आवाजात, आणि धम्मरत्नला तो हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट लागला. "तुमाले जायाचं हाये, जा. आईले बरं करून कायले जाता? तशाच राहू द्या त्याईले आजारी. मी नेते अकोल्याले." "म्हणजे मी आईले आजारी टाकून गेलो असं होईन. विहारातली मानसं शनिवारी येऊन राह्यली, शाल घेऊन." "मंग राहून जा." "वर्ष गेलं माहं या जागेसाठी!" "हाव ना," सुवर्णा म्हणाली. ती बनाबाईजवळ बसली, "आई, चलता काय अकोल्याले माह्यासंगं? उद्या?" बनाबाईनं सुनेकडं पाहिलं, मग मुलाकडं. तिच्या तोंडावर काय होतं ते धम्मरत्नला नीट वाचता आलं नाही. "कायले?" ती म्हणाली. "काई झालं नाई मले. कानाची चक्कर हाये. डाक्टरनं सांगतलं." त्यानंतर सुवर्णा त्याच्याशी बोलली नाही, कामापुरतंही नाही.

आणि खरोखरच, शुक्रवारपासून बनाबाईची कुरकुर बंद झाली. विचारलं की, बरं हाये. घर फिरते काय? नाई. तो हूड घालून काट्यांवर नजर फिरवायचा, पंख, उंची, वेग, दिशा, पुन्हा पंख, आणि मधूनच हूड वर करून आईवर नजर टाकायचा, त्याच लयीत. ती ताठ. ओळंब्यावर डोळे. उठायची तर आधी ओळंबा बघायची, मग पाय जरा फाकवून ठेवायची, मग निघायची. आंग काय सांगतं ते ऐकायचं नाही, हे तिला जमलं होतं. त्याला चार महिने लागले ते या बाईला दोन दिवसांत जमलं, याचा त्याला अभिमान वाटला, आणि थोडा मत्सरही. बाथरूमच्या दारामागं ती कुठं डोकं टेकवून उभी राहते, किती वेळ, हे बघायला तो नव्हता. दोनदा तिथून आवाज आला होता, बादलीवर काही आपटल्याचा. "काय झालं?" "काई नाई. बादली सरकली."

शनिवारी गावाकडनं विहाराच्या समितीची माणसं आली. म्हातारे जानराव, तानाबाई, आणखी दोघं-तिघं. आपल्या गावचा पोरगा आता ढगातून विमान चालवायला शिकणार, याचं त्यांना इतकं कौतुक होतं की ते बघून धम्मरत्नचे डोळे भरून आले, तेही खरंच. हॉलमधला पडदा, हँडल, पायातली पेडलं त्यांनी हात लावून लावून पाहिली. "हा ओळंबा कायले रे बाप्पा?" जानरावांनी विचारलं. "प्रॅक्टिसले," तो म्हणाला. शाल झाली. मग कुणीतरी म्हणालं, फूल बनाबाईच्या हातून. ती हॉलच्या त्या टोकाला, हा या टोकाला. मधे काही धरायला नव्हतं. बनाबाई उठली. सुवर्णा पुढं झाली तर तिनं मान हलवून तिला थांबवलं. ओळंब्यावर डोळे लावले आणि चालत आली, सरळ, एकेक पाऊल असं टाकत की जणू फरशीला विचारून टाकतेय. तिचं पातळ पाठीला घामानं चिकटलं होतं. फूल दिलं. टाळ्या पडल्या. "बनाबाई ठणठणीत हाये अजून!" जानराव म्हणाले. "तं काय!" ती म्हणाली आणि तिनं ती गोष्ट सांगितली, पोट फुटल्याची, पेपर न सोडल्याची. पण शब्द जड येत होते, ओठाच्या एका कोपऱ्यातून निसटत होते. तानाबाई, तिच्याबरोबर त्या स्वयंपाकघरात भाकरी थापलेली बाई, तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. "बने, आवाज काऊन असा येऊन राह्यला तुहा? आन् हा डोया काऊन झाकते?" "थंडी झाली," धम्मरत्न म्हणाला. आईच्या आधी. घाईघाईनं. तानाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पण मोठ्या माणसाला काय बोलणार, विमानवाला तो.

रविवारी दुपारी बॅग दाराशी ठेवून तो बूट घालून आईजवळ बसला. कंपनीची गाडी घेऊन रंगराव ड्रायव्हर खाली आला होता. सुवर्णानं न बोलता चहाचे दोन स्टीलचे गिलास टीपॉयवर ठेवले आणि ती सामानासाठी डिकी उघडायला सांगायला खाली गेली. चहा उकळता होता. धम्मरत्ननं आपला गिलास उचलला आणि "आई गं!" म्हणून बोटं झटकत लगेच खाली ठेवला. बनाबाईनं आपला उचलला. पूर्ण पंजात, डाव्या हातानं, आणि धरून बसली. तो बघत राहिला. वाफ तिच्या हनुवटीला लागत होती. पंजा लाल होत चालला होता आणि तिच्या तोंडावर काही नव्हतं. "माय, पोळत नाई काय?" "काय?" "गिलास." तिनं आपल्या हाताकडं बघितलं, शेजारणीचा हात बघावा तसं. मग त्याच्याकडं. त्याच्या बुटांकडं, बॅगेकडं. इतकी वर्षं पोरांना वाढणारी बाई ती. कुणाला काय पाहिजे हे तिला ताटावर बसण्याआधी कळायचं. "नाई," ती म्हणाली. "काई नाई झालं मले. जाय तू."

त्यानं गिलास तिच्या हातातून सोडवून घेतला. तळव्याचं कातडं चकाकत होतं. आणि त्याला कळलं. कळलं नाही असं पुढं कधी म्हणायला जागाच राहिली नाही, इतकं कळलं. हे शरीर खोटं बोलत नव्हतं. ते बोलायचंच थांबलं होतं. जिन्यात सुवर्णाच्या चपला वाजल्या. तिनं हा हात बघितला की संपलं, गाडी संपली, जागा संपली, वर्ष संपलं. धम्मरत्ननं आईची बोटं एकेक करून आत वळवली, मूठ मिटली आणि वर तिचा पदर ओढून घातला. हळुवारपणे केलं, कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मुलगा असावा तर असा. मग पाया पडला. दुसरा हात तिनं त्याच्या डोक्यावर ठेवायला उचलला तो त्याच्या खांद्याच्या बाजूला, हवेत पडला.

शेगावच्या फलाटावर भक्तांची गर्दी होती, प्रसादाच्या पिशव्या, गंध लावलेली कपाळं. गाडी उशिरा होती. बाकावर बसून तो पुस्तकातल्या तबकड्या बघत होता तेव्हा फोन आला. "आई पडल्या," सुवर्णा म्हणाली. ती धापा टाकत होती. "डावं आंग गेलं. बोलत नाई काई. गिळत नाई. मी अकोल्याले घेऊन चालली, शेजारचे आले गाडी घेऊन. हात पोळला हाये त्याईचा, फोड आले, तुमाले दिसलं नाई काय? आइका. तुमची गाडी अकोल्यावरूनच जाते. तेथी उतरा. बाकी काई म्हणत नाई मी. उतरा फक्त." मागं कुणीतरी ओरडत होतं, हळू धरा, मान धरा. धम्मरत्ननं ओठ ओले केले. "बीपी किती हाये?" त्यानं विचारलं.

पलीकडं गाडीचं दार आपटलं. मग सुवर्णा म्हणाली, "नॉर्मल," आणि फोन ठेवला. आणि त्याला, काय सांगावं, हायसं वाटलं. खरोखरीचं, छातीतून खाली उतरणारं हायसं. नॉर्मल आहे. म्हणजे काही फार नसेल. अकोल्यात चांगले डॉक्टर आहेत, सुवर्णा खंबीर आहे, तो जाऊन तरी काय करणार होता? गाडी आली. त्याला खिडकी मिळाली. बाहेर कपाशीची काळी रानं मागं पळत होती, सपाट, थेट कडेपर्यंत सपाट, आणि तो ती बघत नव्हता. पुस्तक मांडीवर उघडं होतं. पंख, उंची, वेग, दिशा. तो मनातल्या मनात काट्यांवरून नजर फिरवत राहिला, आणि डब्यात चहावाला येऊन गेला, भाविकांच्या घोळक्यानं भजन सुरू केलं, थांबवलं.

अकोला आलं. गाडी थांबली, दारात उतरणाऱ्यांची चेंगराचेंगर झाली आणि मग ओसरली. "उतराचं हाये काय दादा तुमाले?" समोरच्या बाईनं विचारलं. तिनं पाय वर घेऊन त्याला वाट करून दिली होती. धम्मरत्ननं खाली पाहिलं. तो उभा होता. बॅग हातात होती. केव्हा उठला, बॅग केव्हा काढली, त्याला काही म्हणता काही कळलं नव्हतं. पाय दाराकडं वळलेले होते. "नाई," तो म्हणाला आणि खाली बसला, आणि गाडी सुटेपर्यंत बॅग मांडीवर घट्ट दाबून बसून राहिला.